डीपीच्या पोटात

रब्बीत गव्हाला पाणी द्यायची घाई असते, रात्रपाळीची थ्री फेज लाइट नुकतीच आलेली असते, आणि नेमकी तेव्हाच बातमी येते: डीपी जळाली. मग दोन-चार दिवस गावात दुसरा विषय नसतो. नवी कधी येणार, ट्रॅक्टर कुणाचा, ऑइल आहे का, वायरमन फोन का उचलत नाही. सरकारी कागदावर तिचं नाव ‘वितरण रोहित्र’ असतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लोकांच्या तोंडी मात्र दोन खांब, त्यांच्यावरची पेटी, खालचा फ्यूजचा डबा हे सगळं मिळून डीपी.

या पेटीत एकही चाक नाही, दांडा नाही, हलणारा भाग नाही. वरून 11,000 व्होल्टची लाइन येते, खालून 433 व्होल्टची जाते. मजा अशी, की वरची तार आणि खालची तार आत कुठेही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. वरून आलेली वीज वरच्याच तारेतून परत फिरते, तरी खाली पाच-सात पंप चालतात. हे कसं घडतं, ते माणसाला कधी उमगलं आणि इतकं उमगूनही डीपी जळते का, याचा हा आढावा.

सुरुवात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाली. 1820 साली कोपनहेगनच्या ऑर्स्टेडने दाखवलं होतं, की तारेतून धारा सोडली की जवळची चुंबकसुई वळते. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? प्रश्न सरळ होता आणि दहा-अकरा वर्षं तो युरोपातल्या चांगल्या चांगल्या डोक्यांना सुटला नाही. कारण सगळे चुकीच्या गोष्टीची वाट पाहत होते. चुंबक तारेजवळ ठेवला की तारेतून धारा वाहत राहील, अशी त्यांची समजूत होती. जिनिव्हाच्या कोलाडाँने 1825 मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक घातलाही. पण चुंबकाचा परिणाम थेट काट्यावर होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हॅनोमीटर शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. चुंबक आत सारून तो त्या खोलीत पोहोचेपर्यंत काटा हलून पुन्हा जागेवर आलेला असायचा. हाताशी मदतनीस असता तर आज पाठ्यपुस्तकांत वेगळं नाव दिसलं असतं.

मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम, बुकबाइंडरकडे उमेदवारी, गणिताशी कायमचं वाकडं. 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने सुमारे सहा इंच व्यासाचं मऊ लोखंडाचं कडं घेतलं. कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले, समोरच्या बाजूला दुसऱ्या तारेचे. तेव्हा इनॅमलची तार मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांच्या मध्ये सुतळी आणि थरांच्या मध्ये सुती कापड घातलं. एका गुंडाळीला बॅटरी जोडली, दुसरीची तार काही फुटांवरच्या चुंबकसुईवरून नेली. बॅटरी जोडताक्षणी सुई थरथरली आणि पुन्हा पहिल्या जागी आली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत काहीच नाही. काढली, तेव्हा सुई पुन्हा हलली.

दुसऱ्या कुणी हा झटका प्रयोगातली गडबड म्हणून सोडून दिला असता. फॅरेडेने त्यालाच उत्तर मानलं. चुंबकत्व *असून* भागत नाही, ते *बदलावं* लागतं. 17 ऑक्टोबरला त्याने पोकळ वेटोळ्यात चुंबकाची कांडी खुपसून बाहेर काढली आणि तोच परिणाम मिळवला. महिना-सव्वा महिन्याने, 24 नोव्हेंबरला, रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला. ते कडं रॉयल इन्स्टिट्यूशनने अजून जपून ठेवलं आहे. फोटो पाहिला तर काळवंडलेल्या कापडात गुंडाळलेलं ओबडधोबड वेटोळं दिसतं. तत्त्वाच्या दृष्टीने आपली डीपी तीच आहे: लोखंडाचा गाभा आणि त्यावर दोन गुंडाळ्या.

अमेरिकेत ऑल्बनीला जोसेफ हेन्रीही स्वतंत्रपणे इथवर पोहोचला होता, पण त्याने छापायला उशीर केला. सेंट पीटर्सबर्गच्या लेन्झने 1834 मध्ये दिशेचा नियम दिला: निर्माण होणारी धारा ज्या बदलातून निर्माण झाली त्यालाच विरोध करते. त्याचं महत्त्व पुढे दिसेलच. बदलत्या चुंबकत्वातून वीज उपजण्याला आपल्या दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ म्हणतात. सूत्र छोटं आहे. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषा जितक्या वेगाने बदलतील, तितकं विभवांतर प्रत्येक वेढ्यात तयार होतं. वेढे जितके जास्त, तितकी बेरीज मोठी. फॅरेडेने हे सगळं बलरेषांच्या चित्रात पाहिलं. त्या चित्राला समीकरणांचं रूप मॅक्सवेलने दिलं, 1860च्या दशकात.

इथे थोडं आडवळण घेतो. चुंबक स्थिर ठेवून तार हलवा किंवा तार स्थिर ठेवून चुंबक हलवा, धारा तितकीच मिळते. पण जुन्या सिद्धांतात या दोन घटनांची कारणं वेगवेगळी सांगितली जात. एकीकडे हलणाऱ्या तारेतल्या प्रभारांवर चुंबकीय बल, दुसरीकडे बदलत्या चुंबकत्वातून उपजणारं विद्युत क्षेत्र. उत्तर एक आणि कारणं दोन, हे कुणाला तरी खटकायलाच हवं होतं. आइनस्टाइनला खटकलं. 1905 च्या सापेक्षतेच्या निबंधाची सुरुवात प्रकाशाच्या वेगाने होत नाही. ती याच चुंबक-तारेच्या कोड्याने होते. बांधावरच्या पेटीचं आणि सापेक्षतेचं मूळ गाव एकच आहे, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने आवडते.

तत्त्व 1831 मध्ये सापडलं, पण कामाचा ट्रान्सफॉर्मर यायला अर्धशतक लागलं. उशीर झाला, कारण त्या तत्त्वाला खाद्य मिळत नव्हतं. तेव्हाची वीज बॅटरीची, म्हणजे दिष्ट धारा, एकाच दिशेने संथ वाहणारी. पुढे डायनॅमो आले, त्यांच्यात धारा मुळात उलटसुलटच तयार होई. पण ती मुद्दाम सरळ करून घेत, कारण बॅटरीची सवय. बदल नाही म्हणजे प्रवर्तन नाही. ही उलटसुलट, म्हणजे प्रत्यावर्ती धारा बाजारात आल्यावर मात्र गोष्टी भराभर घडल्या. गोलार आणि गिब्ज या जोडीने 1884 मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात दूरवर वीज नेऊन दाखवली. पण त्यांच्या उपकरणाचा गाभा उघडा होता आणि उपकरणं एकामागे एक ओळीत जोडलेली होती. एक दिवा विझवला की बाकीच्यांचा उजेड बदले.

यावरचा उतारा बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात मिळाला. झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी 1885 मध्ये दोन निर्णय घेतले: गाभा बंद करायचा, म्हणजे बलरेषा बाहेर सांडत नाहीत, आणि ट्रान्सफॉर्मर लाइनला समांतर जोडायचे, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर होत नाही. ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्दही त्यांनीच रूढ केला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन या गावी दुकानांत याच पद्धतीने दिवे लावले. 1891 मध्ये जर्मनीत लाउफेनच्या धबधब्यावरची थ्री फेज वीज 175 किलोमीटरवर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोहोचली आणि दिष्ट की प्रत्यावर्ती हा वाद मिटला. आपल्याकडे ही सगळी कथा दिष्ट धारेचा एडिसन विरुद्ध प्रत्यावर्ती धारेचा टेस्ला अशा कुस्तीच्या रूपात सांगितली जाते. त्यात रंग भरता येतो हे खरं, पण ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबात बुडापेस्टच्या तिघांचं माप फार कमी भरलं गेलं आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, ते एका हिशेबात कळतं. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेवढीच वीज दहापट व्होल्टने पाठवली तर धारा दहावा हिस्सा लागते आणि नुकसान शंभरावा हिस्सा होतं. म्हणून वीजकेंद्रापाशी व्होल्ट चढवायचे, लांब न्यायचे आणि गावाच्या वेशीवर उतरवायचे. घाटमाथ्यावरच्या लोणावळा, वळवण, शिरवटा तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, ती याच जोरावर. ट्रान्सफॉर्मर नसता तर गिरणी धबधब्याच्या पायथ्याशी न्यावी लागली असती.

मुंबईकरांना आणखी जवळचा दाखला लोकलचा. 1925 पासून मुंबईच्या लोकल 1,500 व्होल्ट दिष्ट धारेवर धावत. दिष्ट धारेला ट्रान्सफॉर्मर चालत नाही, त्यामुळे व्होल्ट मोटरला झेपतील तेवढेच ठेवावे लागत. परिणामी धारा प्रचंड, डोक्यावरच्या तारा जाड आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. पश्चिम रेल्वेचं 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती धारेवर जाणं 2012 मध्ये पूर्ण झालं, मध्य आणि हार्बरचं 2016 पर्यंत. आता तेवढ्याच कामाला धारा साधारण सतरावा हिस्सा लागते. बदल्यात गाडीला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर डब्याखाली बांधून न्यावा लागतो.

आता पेटीचं झाकण उघडू. 100 केव्हीएची डीपी घ्या. पूर्ण भारावर तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे 11,000 व्होल्टला, प्रत्येक फेजमध्ये सव्वापाच अँपिअर धारा असते. खालच्या बाजूला तीच 133 अँपिअर होते. म्हणून वरच्या गुंडाळीची तार बारीक आणि वेढे पुष्कळ, खालची जाडजूड आणि वेढे मोजके. व्होल्ट कमी झाले की धारा वाढते, गुणाकार तोच. ट्रान्सफॉर्मर वीज तयार करत नाही, मोठी नोट मोडून सुटे देतो. थोडा बट्टा मात्र कापतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो बट्टा एका टक्क्याहूनही कमी असतो. माणसाने बनवलेल्या फार थोड्या यंत्रांना एवढी कार्यक्षमता साधली आहे.

खरी कमाल मात्र वेगळीच आहे. शेतात किती पंप सुरू आहेत हे वरच्या गुंडाळीला कळतं कसं? मधे कुणी निरोप्या नाही. इथे लेन्झ कामाला येतो. सगळे पंप बंद असतानाही वरची गुंडाळी लाइनला जोडलेली असते, पण तिच्यातून धारा नावापुरतीच वाहते. गाभ्यातलं बदलतं चुंबकत्व खुद्द त्या गुंडाळीतही उलटं विभवांतर उभं करतं आणि लाइनच्या दाबाला जवळजवळ तोलून धरतं. एक पंप सुरू झाला की खालच्या गुंडाळीत धारा वाहू लागते आणि नियमाप्रमाणे गाभ्यातल्या चुंबकत्वाला विरोध करते. चुंबकत्व किंचित खाली आलं की वरचा तोल सुटतो, लाइनमधून जास्त धारा आत शिरते आणि चुंबकत्व पूर्ववत होतं. दुसरा पंप लागला, पुन्हा तेच. खालून जितकं मागणं तितकं वरून देणं, तेही सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात. हीच डीपी दिष्ट धारेला जोडली तर उलटं विभवांतर टिकत नाही, तोलायला कुणी उरत नाही, आणि गुंडाळी स्वतःच्या रोधावर तापून जळते.

गाभ्याचीही एक कथा आहे. बदलतं चुंबकत्व खालच्या गुंडाळीत धारा उपजवतं, तसं ते गाभ्याच्या लोखंडातही उपजवतं, लोखंडसुद्धा वाहकच. पाण्यातल्या भोवऱ्यांसारख्या या धारा गाभा फुकट तापवतात. उपाय म्हणून गाभा सलग न ठेवता पातळ पत्र्यांचा रचतात, प्रत्येक पत्र्यावर रोधक थर. भोवऱ्यांची वाट तुटते. शिवाय लोखंडात थोडं सिलिकॉन मिसळतात. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्मन गॉसने पत्रा असा लाटायची रीत काढली, की त्यातले स्फटिक एका दिशेने ओळीत बसतात. कारखान्यात ज्याला ‘सीआरजीओ’ म्हणतात तो हा पत्रा, जाडी साधारण पाव मिलिमीटर. डीपीखाली उभं राहिल्यावर ऐकू येणारी गुणगुणही या पत्र्यांचीच. चुंबकत्वाने पत्रा अतिसूक्ष्म लांबतो-आखडतो. 50 आवर्तनांच्या विजेत सेकंदाला 100 वेळा. तेव्हा हलणारा भाग नाही, हे वर लिहिलेलं वाक्य थोडं सैल आहे, हे कबूल करतो.

मग डीपी का जळते? शास्त्र अपुरं पडलं म्हणून नक्कीच नाही. गुंडाळ्यांच्या तारेवर कागद असतो, तो तेलात बुडवलेला असतो. तेल दोन कामं करतं: उष्णता पेटीबाहेरच्या नळ्यांपर्यंत नेतं आणि वीज भलतीकडे उडी मारू देत नाही. कागदाचं वय उष्णतेवर ठरतं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे ढोबळ मानाने दर 6-7 अंशांना आयुष्य निम्मं होतं. गावाकडे काय होतं ते पाहा. रात्री लाइट आली की उठायला नको म्हणून पंपाला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइट आली की झाडून सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर चालू धारेच्या पाच-सहापट धारा ओढते. कॅपॅसिटर काढून टाकलेला असतो, म्हणून उरलेला वेळही गरजेपेक्षा जास्त धारा वाहत राहते. फ्यूजच्या जागी जाड तार पिळलेली असते, कारण फ्यूज ‘सारखा जातो’. वर मंजूर भारापेक्षा जास्त जोडण्या. तेल कमी झालेलं किंवा चोरीला गेलेलं. यातलं काही शेतकऱ्याच्या पदरात पडतं, काही यंत्रणेच्या. रात्रीच्या थंडीत बांधावर जायला लावणारं वेळापत्रक असेल तर माणूस ऑटो बसवणारच. त्याला दोष देऊन डीपी वाचत नाही. भार वाढला की क्षमता वाढवणं हे यंत्रणेचं काम आहे आणि फ्यूजमधली जाड तार काढणं गावाचं.

उष्णता हा पहिला शत्रू, दुसरा शत्रू ओलावा. तो फक्त आपल्याच गावांना छळतो असं नाही. 21 मार्च 2025 रोजी लंडनचा हिथ्रो विमानतळ दिवसभर जवळजवळ बंद पडला, हजारहून अधिक उड्डाणं कोलमडली. कारण जवळच्या नॉर्थ हाइड सबस्टेशनमधला एक ट्रान्सफॉर्मर पेटला. चौकशीत निघालं, की एका बुशिंगमध्ये, म्हणजे तार पेटीत शिरते त्या चिनीमातीसारख्या खांबात, ओलावा शिरला असावा. त्याची चिन्हं 2018 मधल्या तेलाच्या तपासणीत दिसलीही होती, पण पुढे काही झालं नाही. फॅरेडेच्या गावात, त्याच्याच यंत्राला हे व्हावं! तिसरा शत्रू थेट सूर्य. 13 मार्च 1989 च्या सौर वादळाने जमिनीतून दिष्ट धारेसारखे संथ प्रवाह ट्रान्सफॉर्मरांत शिरले, गाभे चुंबकत्वाने संपृक्त झाले आणि कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात बसले.

आता काय बदलतं आहे? पातळ काचेसारख्या, स्फटिकरहित धातूच्या पट्टीचे गाभे आले आहेत; भार नसताना होणारी गाभ्यातली गळती ते जवळपास दोन तृतीयांशाने कमी करतात. दिवसभर रिकाम्या बसलेल्या गावठाणच्या डीपीला ते फायद्याचे. महावितरणने उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटं रोहित्र द्यायची पद्धत आणली. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा बदल, कारण भार कुणाचा आणि नुकसान कुणाचं हे त्यात लपत नाही. मोबाइलच्या चार्जरमध्ये तोच ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा झाला, कारण तिथे धारा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि बदल जितका वेगवान तितका गाभा लहान पुरतो. इंडक्शनच्या शेगडीवर खालची गुंडाळी म्हणजे पातेल्याचं बूड. तिथे भोवरा प्रवाहांना कुणी शिव्या देत नाही, त्यांच्यावरच भात शिजतो.

दिष्ट धाराही परत आली आहे. चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, ±500 केव्हीची वाहिनी 1999 पासून 1,500 मेगावॅटपर्यंत वीज आणू शकते. एडिसनने उशिरा बाजी मारली असं यावर कुणी म्हणतं. पण वाहिनीच्या दोन्ही टोकांना व्होल्ट चढवायला-उतरवायला ट्रान्सफॉर्मरच बसले आहेत. अर्धवाहकांच्या जोरावर सगळं काम करणारे ‘सॉलिड स्टेट’ ट्रान्सफॉर्मर तयार होत आहेत, मात्र त्यांच्याही पोटात एक छोटा गाभा आणि दोन गुंडाळ्या असतातच. किमतीत आणि टिकाऊपणात बांधावरच्या पेटीला ते अजून हरवू शकलेले नाहीत.

पुढच्या वेळी डीपीजवळून गेलात तर कुंपणाबाहेरूनच, हात न लावता, एक गोष्ट बघा. बऱ्याच डीपींना बाजूला काचेची छोटी बरणी लटकलेली असते. तेल तापून-निवून पेटी श्वास घेते, ती या बरणीतून. आतले सिलिका जेलचे दाणे हवेतला ओलावा टिपतात. दाणे निळे असतील तर ठीक. गुलाबी झाले असतील तर ते भिजले आहेत, ओलावा आत जायला मोकळा आहे. काही नव्या बरण्यांत रंग नारिंगीचा हिरवा होतो. रंग बदललेला दिसला तर लाइनमनला त्याच दिवशी सांगा. दाणे बदलायला फार वेळ लागत नाही.